इथला बिंदू तिथे कुठे?

गोव्यात २७ सप्टेंबर २००६ रोजी एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद सुरू झाला. भरवणारी संघटना आयएसपीआरएस, म्हणजे छायाचित्रांवरून जमीन मोजणाऱ्यांची आणि दूरसंवेदनाच्या अभ्यासकांची जागतिक संस्था. तिच्या चौथ्या आयोगाचं अध्यक्षपद त्या वेळी शैलेश नायक या भारतीय शास्त्रज्ञाकडे होतं. सावंतवाडीकरांना गोवा परका नाही. बांदा मागे टाकलं की पत्रादेवी आलीच. पण त्या चार दिवसांत तिथे जी चर्चा झाली, तिचा आपल्या आंबोली-चौकुळच्या डोंगराशी किती जवळचा संबंध आहे, हे आपल्याकडे क्वचितच कुणी सांगितलं असेल.

चर्चेला निमित्त होतं भारताच्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाचं. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ या यानानं श्रीहरिकोट्याहून तो सोडला. वजन सुमारे १,५६० किलो, कक्षा ६१८ किलोमीटर उंचीची. त्याचं वेगळेपण एकाच गोष्टीत होतं: त्याला दोन कॅमेरे होते. एक पुढे २६ अंश कललेला, दुसरा मागे ५ अंश. पुढच्या कॅमेऱ्यानं टिपलेली जमीन साधारण ५२ सेकंदांनी मागचा कॅमेरा पुन्हा टिपत असे. एकाच जागेची दोन बाजूंनी घेतलेली दोन चित्रं, म्हणजे स्टिरिओ जोडी. इस्रोनं या जोड्या जगभरच्या संशोधकांकडे तपासणीसाठी दिल्या. फ्रान्समधला मोसान, स्पेनमधला कॅटलोनिया, पोलंडमधलं वॉर्सा अशा भागांच्या जोड्या निवडल्या, कारण तिथल्या जमिनीची उंची आधीच नेमकी मोजलेली होती. प्रत्येक गटानं आपापली संगणकप्रणाली लावून जोडीतून उंची काढायची आणि ती खऱ्या उंचीशी ताडून पाहायची, असा तो कार्यक्रम. त्याचे निष्कर्ष गोव्यात मांडले गेले.

दोन चित्रांतून उंची काढायची तर आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. डाव्या चित्रातला हा बिंदू उजव्या चित्रात कुठे आहे? ते एकदा कळलं की पुढचं सगळं शाळेतल्या भूमितीचं काम. उंच जागा दोन चित्रांत एकमेकींपासून जास्त सरकलेली दिसते, सखल जागा कमी. कार्टोसॅटच्या कॅमेऱ्यांतला कोन लक्षात घेतला तर जमीन ४ मीटरनं उंच झाली की चित्रातली जागा सुमारे अडीच मीटरनं, म्हणजे बरोबर एका पिक्सेलनं सरकते. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास ६९० मीटरवर आहे आणि घाटाखालची गावं तिच्याहून पाच-सहाशे मीटर खाली. म्हणजे एका जोडीत घाटमाथा आणि पायथा यांच्या सरकण्यात सव्वाशे ते दीडशे पिक्सेलांचा फरक. तेवढ्या पट्ट्यात बिनचूक जोडीदार शोधायचा, आणि तोही एका बिंदूचा नाही, लाखो बिंदूंचा.

माणसाला हे जमतं, इतकं सहज जमतं की ते काम आहे हेच पुष्कळ काळ कुणाच्या ध्यानात आलं नाही. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे स्टिरिओस्कोप मांडला आणि दोन सपाट चित्रांतून खोली उभी राहते हे दाखवून दिलं. पुढे १९०१ मध्ये जर्मनीत येना इथल्या झाइस कारखान्यात कार्ल पुल्फरिश यांनी स्टिरिओकम्पॅरेटर बनवला. त्यात दोन्ही भिंगांत एक-एक खूण असते. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की त्या दोन खुणांची एकच होऊन ती डोंगरावर तरंगताना दिसते. चाक फिरवून ती खाली आणायची, जमिनीला नेमकी टेकली की आकडा टिपायचा. हवाई छायाचित्रांवरून नकाशे करण्याचं सगळं शास्त्र त्या तरंगत्या खुणेवर उभं राहिलं. पुल्फरिश यांची एका डोळ्याची दृष्टी मात्र १९०६ च्या सुमारास गेली. जगाला दोन डोळ्यांनी मोजायला शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या यंत्रातली खोली पुन्हा दिसली नाही, हे वाचून मन हलतं.

भारतात ही विद्या रुजली ती भारतीय सर्वेक्षण विभागामुळे आणि डेहराडूनमुळे. नेहरूंनी १९५७ साली नेदरलँड्समधली आयटीसी ही हवाई सर्वेक्षण शिकवणारी संस्था पाहिली होती. तिच्याच सहकार्यानं १९६६ मध्ये डेहराडूनला इंडियन फोटो-इंटरप्रिटेशन इन्स्टिट्यूट उभी राहिली. आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था ती हीच. स्टिरिओप्लॉटर या यंत्रावर काम करणारा ऑपरेटर दिवसभर भिंगांना डोळे लावून बसायचा आणि समोच्च रेषा ओढत जायचा. डोळे शिणायचे. नकाशाच्या एका पत्रकाला आठवडेच्या आठवडे लागायचे. इथला बिंदू तिथे कुठे, हा प्रश्न त्याच्या डोळ्यांमागचा मेंदू सोडवत होता आणि त्याचं श्रेय यंत्राला मिळत होतं.

ते काम यंत्राकडे सोपवण्याचा पहिला नेटाचा प्रयत्न कॅनडात झाला. गिल्बर्ट हॉब्रो यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी दोन छायाचित्रांच्या काळ्या-पांढऱ्या छटा विजेच्या संकेतांत बदलल्या आणि ते संकेत सर्वांत जास्त कुठे जुळतात हे मोजणारं उपकरण तयार केलं. त्यात संगणक नव्हता, नुसती इलेक्ट्रॉनिक्सची मंडलं होती. १९६० च्या दशकात आयबीएमच्या संशोधकांनी छायाचित्रं आकड्यांत उतरवून तीच तुलना संगणकावर करून पाहिली. तुलनेची रीत तेव्हा ठरली ती आजही पुष्कळ ठिकाणी चालते. डाव्या चित्रातल्या बिंदूभोवती एक लहान चौकट घ्यायची, समजा ११ गुणिले ११ पिक्सेलांची. तिच्यातले १२१ आकडे उजव्या चित्रावर सरकवत न्यायचे आणि ते जिथे सर्वांत चांगले बसतात तिथे जोडीदार सापडला असं धरायचं.

रीत सोपी आहे, आणि तिच्या अडचणी सह्याद्रीच्या कडेला उभं राहिलं की लगेच दिसतात. कार्टोसॅटच्या चित्रात ती चौकट जमिनीवर साडेसत्तावीस मीटर लांब-रुंद पडते. महादेवगडाच्या कड्यावर ठेवली तर तिचा अर्धा भाग माथ्यावर आणि अर्धा खालच्या दरीत. दोन्ही चित्रांत हे दोन अर्धे वेगवेगळे सरकलेले, मग ती चौकट जशीच्या तशी कुठेच बसत नाही. लहान करावी तर तिच्यात ओळखीचं काही उरत नाही. काजूच्या बागेत झाडं सात-आठ मीटर अंतरानं रांगेत लावलेली असतात, म्हणजे दर तीन पिक्सेलांनी तोच गोल ठिपका. संगणक इथल्या झाडाची जोडी शेजारच्या झाडाशी लावून मोकळा होतो आणि उंचीत तेवढी चूक शिरते. जिथे कातळाच्या सड्यावर एप्रिलात सगळं एकाच रंगाचं, तिथे धरायला खूणच नाही.

या अडचणींचा विचार नीट सुरू झाला तो १९७४ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठात. मार्शा जो हॅना यांचा पीएच. डी.चा प्रबंध स्टिरिओ चित्रांतल्या भागांची संगणकानं जुळणी कशी करावी यावर होता. या विषयाचा इतिहास सांगताना त्यांचं नाव मागे पडतं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांनी दोन गोष्टी धरल्या. एक, सगळीकडे आंधळेपणानं शोधू नका. एखादा बिंदू खात्रीनं जुळला की त्याच्या शेजाऱ्यांचा जोडीदारही जवळपासच असणार, तिथून पसरत जा. दुसरी जास्त मोलाची: जुळणी शोधण्याआधी ही जागा जुळवण्याच्या लायकीची आहे का ते तपासा. चौकट स्वतःवरच थोडी सरकवून बघा. सरकवल्यावरही ती तशीच दिसत असेल, तर तिच्यात ओळखण्याजोगं काही नाही. तिचं उत्तर आलं तरी मानू नका. पुढे एसआरआय या संस्थेत काम करताना त्यांच्या प्रणालीत उलट तपासणीही आली: डावीकडून उजवीकडे जोडीदार शोधायचा, मग त्या जोडीदाराला उजवीकडून डावीकडे पाठवायचं, आणि तो मूळ बिंदूवर परतला तरच जोडी पक्की धरायची. १९८० च्या दशकाच्या शेवटी आयएसपीआरएसनं निरनिराळ्या प्रणालींची एकाच चित्रसंचावर परीक्षा घेतली, तेव्हा त्यांचं काम पहिल्या रांगेत होतं. संगणकानं "मला माहीत नाही" म्हणायला शिकावं, हा आग्रह त्या काळात धरणारी ही बाई होती.

दरम्यान मेंदू हे कसं करतो याकडेही काही जण वळले होते. हंगेरीतून १९५६ नंतर अमेरिकेत आलेले बेला युलेश बेल प्रयोगशाळेत काम करत. त्यांनी संगणकाकडून निव्वळ यदृच्छ ठिपक्यांची दोन चित्रं काढून घेतली. एकेका डोळ्यानं पाहिलं तर दोन्हींत नुसता पसारा. पण दुसऱ्या चित्रातला मधला चौकोन थोडा सरकवलेला होता, आणि दोन्ही डोळ्यांनी पाहताच तो कागदाच्या वर उचललेला दिसे. झाड, घर, कडा यांतलं काहीही ओळखण्याआधीच मेंदू ठिपक्याला ठिपका जुळवतो, हे १९६० मध्ये त्यातून सिद्ध झालं.

डेव्हिड मार आणि टोमासो पोज्जो यांनी १९७६ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यामागचे नियम मांडले. एका बिंदूला दुसऱ्या चित्रात एकच जोडीदार असतो, हा पहिला. वस्तूंचे पृष्ठभाग सलग असतात, म्हणून शेजारशेजारच्या बिंदूंची खोली बहुतेक ठिकाणी हळूहळूच बदलते, हा दुसरा. या दोन नियमांवर त्यांनी असं जाळं रचलं की खोट्या जोड्या आपोआप गळून पडाव्यात आणि खऱ्या टिकाव्यात. मार १९८० मध्ये, अवघ्या ३५ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगानं गेले. त्यांचं दृष्टीवरचं पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी आलं. त्यांच्या दुसऱ्या नियमातला "बहुतेक ठिकाणी" हा शब्दप्रयोग मात्र कोकणच्या माणसानं जपून वाचावा. सह्याद्रीचा पश्चिम कडा हा त्या नियमाचा अपवाद आहे. इथे खोली हळूहळू बदलत नाही, एका पावलात तुटते.

१९८० च्या दशकात कामाला वेग आला. हान्स मोराव्हेक यांची स्टॅनफर्डची स्वयंचलित गाडी १९७९ मध्येच स्टिरिओच्या आधारानं खुर्च्यांनी भरलेली खोली पार करून गेली होती, त्यासाठी तिला पाच तास लागले होते. श्टुटगार्टमध्ये आकरमन आणि फर्स्टनर यांनी जुळणीची अचूकता पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत नेली. १९८९ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातून यू. आर. धोंड आणि जे. के. अगरवाल यांनी तोवरच्या सगळ्या पद्धतींचा एक सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. स्टिरिओवर काम करणारे पुढे कितीतरी वर्षं त्याचा हवाला देत राहिले. धोंड हे आडनाव आपल्या भागात वाचलं की कुणीही क्षणभर थांबेल, म्हणून मुद्दाम सांगतो.

कड्यांचा प्रश्न सुटण्याची वाट २००५ मध्ये दिसली, म्हणजे कार्टोसॅट-१ उडाला त्याच वर्षी. जर्मनीच्या डीएलआर या अवकाशसंस्थेतल्या हाइको हिर्शम्युलर यांनी एक पद्धत मांडली. प्रत्येक पिक्सेलची जुळणी ठरवताना आठ किंवा सोळा दिशांनी येणाऱ्या शेजाऱ्यांचं मत घ्यायचं. शेजाऱ्याहून खोली थोडी वेगळी असेल तर थोडा दंड. खूप वेगळी असेल तर जास्त दंड, पण कितीही मोठी उडी असली तरी तो दंड ठरावीकच. याचा अर्थ उतार उतारासारखा राहतो आणि खरोखर कडा असेल तर संगणक ती उडी मारायला कचरत नाही. मार आणि पोज्जो यांच्या नियमातल्या अपवादाला अखेर गणितात जागा मिळाली.

गोव्यातल्या निष्कर्षांकडे वळतो. मोकळ्या जमिनीवर कार्टोसॅटच्या जोड्यांतून काढलेली उंची खऱ्या उंचीच्या साधारण तीन-चार मीटरच्या आत येत होती, म्हणजे जुळणीतली चूक एका पिक्सेलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. अडीच मीटर पिक्सेलच्या उपग्रहासाठी हे मोठं यश होतं. याचं एक कारण त्या ५२ सेकंदांत आहे. फ्रान्सचा स्पॉट उपग्रह १९८६ पासून स्टिरिओ जोड्या देत होता, पण त्याची दोन चित्रं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कक्षांतून घेतलेली असत. मधल्या दिवसांत भात कापलं जाई, गवत वाळे, सूर्याची सावली बदले, आणि संगणकापुढे जणू दोन निराळ्या गावांची चित्रं येत. कार्टोसॅटच्या दोन चित्रांत ऊन तेच, सावली तीच, शेत तेच. जंगल असलेल्या भागात मात्र निकाल कमी पडला. उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसतात, बुंध्याखालची माती दिसत नाही.

पुढे युरोपात याच भारतीय उपग्रहाच्या जोड्यांवर हिर्शम्युलर यांची पद्धत चालवून दर पाच मीटरला उंची देणारा नमुना तयार झाला. आपल्याकडे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रानं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं कार्टोडेम हा देशभरच्या उंचीचा नमुना उभा केला. १२ ऑगस्ट २००९ रोजी, त्या वेळी केंद्रात राज्यमंत्री असलेल्या पृथ्वीराज चव्हाणांनी इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळाचं उद्घाटन केलं. कालांतरानं त्यावरून दर ३० मीटरला एक उंची देणारा कार्टोडेम कुणालाही विनाशुल्क उतरवून घेता येऊ लागला. शिरशिंग्याचा शाळकरी मुलगासुद्धा आज मनोहर-मनसंतोष गडांचे उतार संगणकावर फिरवून पाहू शकतो. स्टिरिओप्लॉटरवर डोळे झिजवणाऱ्या पिढीला हे स्वप्नात आलं नसतं.

म्हणूनच तो नमुना आपल्या मुलखात कसा वाचायचा हे कळायला हवं. उपग्रह इथून सकाळी साडेदहाच्या सुमारास जात असे. जून ते सप्टेंबर ढग; आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तेव्हा जमीन दिसायचा प्रश्नच नाही. चित्रं मिळणार ती पावसाळा सरल्यावरची. थंडीत साडेदहाला सूर्य आग्नेयेकडे असतो आणि कोकणाकडचे कडे पश्चिमेला तोंड करून उभे. ते त्या वेळी स्वतःच्याच सावलीत. काळ्या सावलीत हॅना यांच्या कसोटीला उतरेल असं काही नसतं. दाट झाडीच्या उतारावर मिळते ती उंची अंजनी, जांभूळ, किंजळ यांच्या शेंड्यांची. वेंगुर्ल्याच्या समुद्रावरच्या लाटा ५२ सेकंदांत पार बदलून जातात, तिथे जोडी लागूच शकत नाही. तिलारीच्या जलाशयाची पातळी वेगळी सपाट करून बसवावी लागते. जिथे जुळणी साधली नाही तिथे शेजारच्या उंचींवरून अंदाजानं आकडा भरतात. नकाशावर तो भरलेला आकडा आणि मोजलेला आकडा सारखेच दिसतात, एकाच रंगात.

दोन वेळच्या जोड्यांमधून काय करता येतं याचं चांगलं उदाहरण उत्तराखंडात आहे. तपस मार्था आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सालना इथल्या दरडीच्या आधीचे आणि नंतरचे कार्टोसॅटचे उंचीनमुने एकमेकांतून वजा केले आणि डोंगरावरून किती माती-दगड सुटला याचा हिशेब मांडला. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये आणि १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दरडप्रवण भागांच्या नकाशांत उतार हा पहिल्या निकषांपैकी एक असतो, आणि उतार येतो उंचीच्या नमुन्यावरून. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटानं २०११ मध्ये अहवाल दिला. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी हे जिल्हे त्याच्या खास कार्यकक्षेत होते आणि उंची व उतार हे त्याच्या मोजमापांत होते. त्यांनी वापरलेली उंची अमेरिकी अवकाशयानाच्या रडारची, स्टिरिओची नव्हे. पण दाट जंगलाच्या शेंड्यांचा प्रश्न रडारलाही चुकत नाही.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. जिल्हा प्रशासनानं, घाटरस्त्याचे आराखडे करणाऱ्यांनी, खाणीचे आणि बांधकामाचे अर्ज तपासणाऱ्यांनी उताराचा नकाशा पुढे ठेवला की त्याच्यासोबत जुळणीचाही नकाशा मागावा. कुठली उंची दोन चित्रांतून खरोखर जुळून आली आणि कुठली नुसती भरली, हे नमुना तयार होतानाच ठरत असतं. ते वेगळं दाखवणं तंत्राला अवघड नाही. जिथे ती भरलेली आहे, विशेषतः पारपोली-शिरशिंग्याच्या वरच्या सावलीतल्या कड्यांवर आणि जंगलाच्या उतारांवर, तिथे माणसं पाठवून, जीपीएस घेऊन, गावकऱ्यांना बरोबर घेऊन मोजावी. पावसाळ्यात पाणी कुठून फुटतं आणि कुठली धार गेल्या काही वर्षांत सरकली, हे त्या वाड्यांवरच्या लोकांना ठाऊक असतं. ते टिपून घ्यायचं काम पुढचा पावसाळा यायच्या आत व्हायला हवं.